खंडेनवमीनंतर एकच काडी

आमच्या घरात कुठलीही वस्तू उघडी राहत नसे. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, गॅसच्या सिलिंडरला झालरीचा झगा, रिमोटला प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीवर रबरबँड. आई कव्हरं शिवायची आणि आप्पा ती चढवायचे. माझ्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आप्पांनी नामपल्लीच्या एका दुकानातून सुटे भाग जुळवून कॉम्प्युटर आणला, तेव्हा तो चालू व्हायच्या आधी त्याच्या डब्याचं, म्हणजे सीपीयूचं, माप घेतलं गेलं. निळ्या फुलांचं कव्हर झालं. मग आप्पांनी टेबलाखाली भिंतीला अगदी चिकटवून डबा बसवला, मागच्या सगळ्या वायरी एकत्र घेऊन सुतळीने करकचून बांधल्या आणि जाहीर केलं, की यापुढे मागे कुणीही हात घालायचा नाही. आप्पा सिकंदराबादला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. त्यांनी बांधलेली गाठ सोडायची हिंमत त्यांच्या ऑफिसात कुणी करत नसे म्हणे. घरात तर नव्हतीच. आता मला वाटतं, ती एक गाठ पुढे एका वर्षी कुणीतरी न विचारता सोडली असती, तर किती जणांचं रक्त आटायचं वाचलं असतं!

अंबरपेठच्या त्या घरात खाली आम्ही तिघं आणि वर आप्पांचा धाकटा भाऊ, बाळूकाका, आणि सुलभाकाकू. दोन्ही बिऱ्हाडांत गेट एक, पाण्याची मोटार एक आणि भांडणही एकच, तेच ते, वर्षानुवर्षं चालणारं: मोठ्याने धाकट्याला विचारलं नाही आणि धाकट्याने मोठ्याला सांगितलं नाही. सकाळी मोटारीची घरघर, तिच्यावर ताण करणारा काकूचा मिक्सर, गल्लीतून तेलुगूत ओरडत जाणारी पालेभाजीवाली, आणि या सगळ्याच्या वरताण आप्पांचा आवाज, “बाळू, टाकी भरली रे!” मग काका वरून ओरडायचा, “दिसतंय मला, दादा!” टाकी वाहतच असायची.

इंटरनेट काकाने घेतलं होतं, वरच्या मजल्यावर. त्याचा राउटर, तीन शिंगांचा, जिन्याच्या कोपऱ्यात खिळ्यावर टांगलेला. आमच्या डब्यात दुकानदाराने वायरलेसचं कार्ड घालून दिलं होतं, त्यामुळे काकाचं नेट वायर न टाकता खाली यायचं. पडद्याच्या कोपऱ्यात सिग्नलच्या पाच उभ्या काड्या दिसायच्या, त्यातल्या चार कायम भरलेल्या. घरात सगळ्यांना हे माहीत झालं होतं. आईसुद्धा कणीक मळता मळता विचारायची, “आज किती काड्या गं, अशू?” आणि मी “चार” म्हटलं, की तिला उगाचच बरं वाटायचं.

बी.ए. होऊन मी घरी बसले होते, आणि घरी बसलेल्या मुलीचं काय करतात ते सगळ्यांना माहीत आहे. नांदेडचं एक स्थळ दिवाळीत बघायला येणार होतं. मुलगा चांगला होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मला पुण्याच्या एका संस्थेत जायचं होतं. जुने कागद, पोथ्या, नकाशे कसे दुरुस्त करायचे, वाळवी लागलेलं पान कसं वाचवायचं, याचं एक वर्षाचं शिक्षण तिथे होतं. जागा मोजक्या होत्या. मी अर्ज केला, तो पहिल्या चाळणीतून पार पडला आणि पत्र आलं, की मुलाखत कॉम्प्युटरवरून, समोरासमोर दिसेल अशी होईल. आप्पांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “घेतलं त्यांनी तर जा. नाही घेतलं तर नांदेड. मग मला कटकट नको.” एवढं सरळ होतं ते. मी आनंदाने उडीच मारली. त्या दिवशी आईने गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची, भाजी आणि भाकरी केली होती, आणि मी चार भाकऱ्या खाल्ल्या.

मग आली खंडेनवमी. आमच्याकडे ती फार मनावर घेत. रोजच्या कामाची सगळी हत्यारं धुऊन-पुसून देवापुढे पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं देऊन-घेऊन होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. आईची विळी, माझी कात्री, आप्पांचा हातोडा, पाने, पक्कड, आजोबांचा अडकित्ता. आप्पा म्हणाले, “अशूचं हत्यार आता कॉम्प्युटर. तोही बसेल.” मला भरून आलं होतं, खोटं कशाला सांगू. त्यांनी स्वतः सुतळी सोडली, डबा ओढून काढला, ओल्या फडक्याने पुसला, मग कोरड्याने पुसला, झेंडूचा हार घातला. मी स्वयंपाकघरात आईबरोबर पुरण वाटत होते. दसऱ्याला संध्याकाळी काका-काकू आपट्याची पानं घेऊन खाली आले, पाया पडले, पोळ्या खाल्ल्या, आणि आप्पांनी डबा परत भिंतीला चिकटवून सुतळी बांधली. सगळं कसं यथासांग!

दुसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटर लावला, तर काडी एक. तीसुद्धा धड नाही, येते-जाते. मुलाखत पंधरा दिवसांवर होती. आधी मी शांतपणे घेतलं. बंद करून चालू केला. कार्डाबरोबर आलेली सीडी घालून सगळं पुन्हा बसवलं. एक काडी. काकाने वर राउटर बंद-चालू केला, त्यातला चॅनेल एक ते अकरा असा एकेक करून बदलून बघितला, आणि मी खालून ओरडत राहिले, “नाही! नाही! अजून नाही!” एक काडी. आईने कव्हर काढून बघितलं, कव्हराशिवाय डबा तिला उघडाबोडका दिसला, म्हणून परत घातलं. मग आप्पा मैदानात उतरले. त्यांना कुणीतरी ऑफिसात सांगितलं होतं, की धातूवरून लाटा परत फिरतात. झालं! आमची पुरणाची पितळी परात जिन्यात राउटरच्या मागे उभी राहिली. मग कुकरचं झाकण. मग आप्पांनी पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी कागदाचा एक पडदा करून टेबलाला लावला. आईला चहाचं आधण ठेवायला झाकण सापडेना, मला सिग्नल सापडेना, आणि आप्पा मधे उभे, कमरेवर हात, “आता बघ. आता बघ की!” मी बघायचे. एक काडी. माझं डोकं इतकं उठलं होतं, की स्वप्नातही मला त्या कोपऱ्यातल्या पाच रेघा दिसायच्या.

शेवटी काकाने केबलवाल्याला बोलावलं. यादगिरी नावाचा, सुटलेल्या पोटाचा, निवांत माणूस. त्याने वर पाहिलं, खाली पाहिलं, पाणी प्यायला आणि म्हणाला, “नेट तो एकदम फस्ट क्लास आरा, साब. गडबड इधरीच है. तुमारा डब्बा पीछे से दिखाओ.”

आप्पांचा चेहराच बदलला. “डब्बा मैं खुद अपने हातसे साफ करा. डब्बे को कुछ नई हुआ. तुम उप्पर देखो.”

“उप्पर सब ठीक है, साब.”

“तो फिर ठीकसे देखो!”

यादगिरीने माझ्याकडे बघितलं, मी यादगिरीकडे. तो हात जोडून गेला. मी म्हटलं, “आप्पा, एकदा मागे बघायला काय जातंय?” तर म्हणाले, “मी बघितलंय. मी पुसलंय. तुला बापावर विश्वास नाही का?” मी जिन्यातली परात सरळ करायला गेले. आज मी दोनशे वर्षांपूर्वीचे कागद हाताळते, आणि माझ्या टेबलावर कुणी म्हणालं, “मी बघितलंय,” तर मी पहिल्यांदा तोच कागद उलटा करते.

त्याच्या नंतरच्या रविवारी सकाळी मोटारीपाशी भांडणाचा स्फोट झाला. दोघं भाऊ मोटारीत पाणी भरत उभे होते, काका तांब्याने पाणी ओतत होता, आणि आप्पा एकदम म्हणाले, “बाळू, खरं सांग. तू वरून कमी केलंयस का?”

“काय कमी केलंय?”

“नेट. पोरगी पुण्याला चालली हे खुपतंय का कुणाला?”

काकू वरच्या कठड्याशी कपडे वाळत घालत होती, तिचा हात तिथेच थांबला. काकाने तांब्या खाली ठेवला. “दादा, कायकू असं बोलतो? अशू माझी कोण नाही का? तुझं मशीन बघ की मागून!”

“मशीनचं नाव काढू नकोस!”

“नक्को मग. हौ, नाही काढत. पुन्हा कधीच नाही काढत.” असं म्हणून काका वर गेला तो गेलाच. मोटार तशीच कोरडी राहिली. दुपारपर्यंत दोन्ही मजल्यांवर पाणी नव्हतं, आणि दोघांपैकी एकही जण मोटारीपाशी येऊन बटण दाबायला तयार नव्हता. मीच तांब्याने पाणी ओतलं आणि दाबलं, आणखी कोण दाबणार?

त्या दिवशी संध्याकाळी काकू हळूच जिन्यात येऊन म्हणाली, “तू वर ये गं मुलाखतीला. काकांचा लॅपटॉप आहे.” आप्पांनी ऐकलं. “त्याच्या दारात जाऊन मुलाखत द्यायची नाही. दिलीस तर पुण्याला पैसुद्धा मिळणार नाही.” मी म्हटलं, मग खिडकीतून वायर तरी खाली सोडू दे. “त्याच्या घरातून वायर? नाही!” मी आदळआपट केली, जेवले नाही, आईशी नाही नाही ते बोलले, बिचारीचा काही संबंध नसताना. मला रडू यायचं ते दुःखाचं नव्हतं. संताप होता तो. माझं अख्खं पुढचं आयुष्य दोन प्रौढ माणसांच्या अहंकारात अडकलं होतं आणि दोघंही शांतपणे आपापल्या मजल्यावर चहात बिस्किटं बुडवून खात होते.

मुलाखतीचा दिवस गुरुवार, सकाळी अकराची वेळ. आप्पांनी मुद्दाम रजा घेतली होती. आईने मला दहीसाखर दिली. आप्पा परात धरून जिन्यात उभे राहिले, खरंच, हातात परात धरून, तिरकी करत. पडद्यावर तीन चेहरे आले. मधल्या बाई हसल्या आणि हसताहसताच थिजल्या. त्यांचं तोंड उघडं राहिलं, आवाज तुकड्यातुकड्यांत आला, “…नाव… ऐकू… का?” मी ओरडले, “येतंय, येतंय! मी अश्विनी!” मग तेही गेलं. पडदा पांढरा झाला. दहा मिनिटं मी बटणं बडवत होते. मग संस्थेतून घरच्या फोनवर फोन आला. त्या बाईच होत्या. म्हणाल्या, “तुमच्याकडचं नेट बघून घ्या. तीन वाजता आम्ही एकदा परत प्रयत्न करू. त्यानंतर मात्र आम्हाला यादी बंद करावी लागेल.”

मी फोन ठेवला आणि सरळ टेबलाखाली शिरले. “कॉम्प्युटर उचलून वर नेते,” मी म्हटलं. “पैसा नाही दिलात तरी चालेल.” आप्पा “अगं, अगं” करत आले, तोवर मी माझ्या कात्रीने सुतळी कापली होती. डबा बाहेर ओढला, फिरवला, आणि बघतच राहिले. वायरलेसच्या कार्डाला मागे दोन काळ्या दांड्या असायच्या, बोटाएवढ्या, पेचाने बसवलेल्या. त्याच तर अँटेना. दुकानदाराने माझ्यासमोर पिळून बसवल्या होत्या. आता तिथे दोन्ही नव्हत्या. नुसते दोन पितळी पेच, उघडे, माझ्याकडे बघत असलेले.

“आप्पा,” मी म्हटलं, “याच्या दांड्या कुठे आहेत?”

आई दारात आली होती. तिनेच विचार करत करत म्हटलं, “त्या होय? त्या तुम्ही पुसताना काढल्या होत्या ना? पूजेच्या ताटात ठेवल्यात. मी म्हटलंसुद्धा, हे काय आहे, तर म्हणालात, हत्याराचे कान आहेत, यांनाही हळदकुंकू लाव.”

“मग परत कुणी लावल्या?” मी विचारलं.

आईने आप्पांकडे बघितलं. आप्पांनी आईकडे. आईला वाटलं होतं आप्पांनी लावल्या, आप्पांना वाटलं होतं आईने दिल्या असतील तर आपण लावल्याच असतील. आई देवघरात गेली. कापूर, वाती, सुपाऱ्या ठेवायचा तो बिस्किटांचा जुना डबा उघडल्याचा आवाज आला. सुकलेल्या आपट्याच्या पानांखालून तिने दोन्ही दांड्या काढून आणल्या, हळदीने पिवळ्या झालेल्या, पेचात कुंकू घट्ट बसलेलं. मी टाचणी घेतली, पेचातलं कुंकू कोरून काढलं, दांड्या बसवल्या, पिळल्या, डबा लावला. पडदा उजळला. चार काड्या! मधेच पाचवीसुद्धा भरली.

मला वाटलं होतं मी नाचेन. त्याऐवजी मला असा काही राग आला, की कान तापले. पंधरा दिवस! परात, झाकण, यादगिरी, मोटार, काका! आणि आप्पा काय म्हणाले असतील? “चला, सापडलं एकदाचं. जेवायला वाढा.” जणू काही हे सगळं आपोआप घडलं होतं. मी म्हटलं, “काकाला जाऊन सांगा.”

“सांगू की. घाई काय आहे? दिवाळीत सांगू.”

मग मी ते केलं, जे मी त्यांच्यासमोर आधी कधीच केलं नव्हतं. मी खुर्चीवरून उठले, जमिनीवर बसले, हाताची घडी घातली. “तुम्ही वर जाऊन सांगितल्याशिवाय मी मुलाखत देणार नाही. तीन वाजू देत, चार वाजू देत. होऊ दे नांदेड.” आई म्हणाली, “अशू, वेडी आहेस का?” आप्पा हसले आधी. मग जेवले. मी नाही जेवले. मग आप्पा पेपर घेऊन बसले. अडीच वाजले. पावणेतीन झाले. मी खरंच उठणार नव्हते आणि ते मला कळून चुकलं होतं. तीनला आठ मिनिटं कमी असताना आप्पांनी पेपर घडी करून ठेवला, माझ्याकडे न बघता चपला घातल्या, जिना घरातलाच असूनही, आणि वर गेले. वरचं दार उघडल्याचं ऐकू आलं. मी ताडकन उठून खुर्चीत बसले.

मुलाखत अर्धा तास चालली, एकदाही तुटली नाही. मधल्या बाईंनी शेवटी विचारलं, “हेच काम का करावंसं वाटतं?” मी एक छान उत्तर पाठ केलं होतं, वारसा वगैरे. ते साफ विसरले. तोंडातून निघालं, “कारण आमच्याकडे सगळेजण वस्तू सुट्या करून पुसून ठेवतात, आणि परत जिथल्या तिथे लावल्या का, हे कुणीही बघत नाही. मला ते बघायचंय.” तिघंही हसले, पण बाईंनी काहीतरी लिहून घेतलं.

मी वर धावले. आप्पा काकाच्या पलंगावर बसून मिरची भजी खात होते. काका शेजारी. वातावरण असं, की जणू रोजचंच. काकू माझ्या कानात म्हणाली, “आले, उभे राहिले, म्हणाले, ‘बाळू, माझ्याच पूजेच्या डब्यात होतं, मी तुला वाटेल ते बोललो.’ मग दोघांपैकी कुणाला पुढे काय बोलावं कळेना, म्हणून मी भजी तळायला घेतली.”

काका मला म्हणाला, “झाली का मुलाखत? चांगली झाली ना? मला दसऱ्यालाच दिसल्या होत्या त्या दांड्या, ताटात, पाया पडताना. मला वाटलं होतंच.”

मी जागच्या जागी थांबले. “दिसल्या होत्या? मग सांगितलं का नाहीस, काका?”

“यादगिरी ‘पीछे से’ म्हणाला, तेव्हा लक्षात आलं. सांगणार होतो. तोवर दादा बोलला, मशीनचं नाव काढू नको. मग नाही काढलं.”

त्यावर आप्पांनी मान हलवली, म्हणजे हे त्यांना पटलं! मी त्या दोघांवर अशी ओरडले, की ते पालेभाजीवालीनेसुद्धा गल्लीत ऐकलं असेल. दोघं खाली मान घालून भजी खात राहिले. मला घेतलं त्यांनी पुण्याला. नांदेडला आईने पत्र लिहून कळवलं.

पुढच्या खंडेनवमीला मी सुट्टी घेऊन घरी आले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेला माझं वर्षाचं काम इंटरनेटवरून पाठवायचं होतं, आणि त्याचा शेवटचा भाग मला दसऱ्याच्या दिवसभरात काकाच्या लॅपटॉपवर, नेटवर बसून पुरा करायचा होता. आप्पांनी पाट मांडला, डबा पुसला, दांड्यांना हात न लावता. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. काका खाली आला. त्याच्या हातात राउटर होता, वायर गुंडाळलेली, तिन्ही शिंगं पिळून काढून वेगळी मुठीत धरलेली. म्हणाला, “दादा, हेही ठेव या वर्षी.” आप्पांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि सीपीयूच्या शेजारी पाटावर ठेवलं. हळद, कुंकू, झेंडूचं फूल. दसऱ्याची संध्याकाळ होईपर्यंत दोन्ही मजल्यांवर एकही काडी नव्हती. माझं काम तसंच अर्धवट पडून होतं. मी आईबरोबर पुरण वाटलं.

सोनं देऊन झालं, काका राउटर घेऊन जिना चढायला लागला, आणि आप्पा खालून ओरडले, “बाळू, मोजून ने रे! तीन आहेत!”